जुन्या शेव्हरोलेचा सेल्फ बदलायचाय? आधी दात मोजा

१९६७ ते १९६९ ची कॅमेरो किंवा त्याच काळातली शेव्हेल यांची एक नेहमीची तक्रार असते. सकाळी थंड इंजिन एका चावीत लागतं. तासभर गाडी पळवून पेट्रोल पंपावर थांबलात, की चावी फिरवल्यावर फक्त ‘टक्’. वीस मिनिटं बॉनेट उघडं ठेवलं की तीच गाडी मुकाट्यानं लागते. यावर सगळेच एक उपाय सांगतात : जुना जड सेल्फ काढा आणि गिअर रिडक्शनचा छोटा सेल्फ बसवा. उपाय बरोबर आहे, पण अर्धाच. या कामात फसगत होते ती मोटरच्या निवडीत क्वचित, आणि दातांमधल्या फटीत किंवा वायरिंगमध्ये बहुतेक वेळा. म्हणून खाली मोटरपेक्षा या दोन गोष्टींवर जास्त लिहिलं आहे.

हा लेख शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिनासाठी (३०२, ३२७, ३५० घन इंची) आहे. ३९६ आणि ४५४ या बिग ब्लॉकनाही यातलं जवळपास सगळं लागू पडतं. फोर्ड आणि क्रायस्लरबद्दल शेवटी थोडं आहे. मापं इंचातच दिली आहेत, कारण या गाड्यांचे बोल्ट इंची आहेत. मिलिमीटरच्या पान्यांनी बोल्टची डोकी गोल होतात.

सेल्फ खरंच दोषी आहे का

नवा सेल्फ मागवण्याआधी मल्टिमीटर घेऊन अर्धा तास द्या. बॅटरी पूर्ण चार्ज करा. गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. मग इग्निशन कॉइलच्या प्लस टोकावरची बारीक वायर काढा, म्हणजे इंजिन लागणार नाही, आणि सोबत्याला सेल्फ मारायला सांगून तीन मापं घ्या :

१. बॅटरीच्या दोन खुंट्यांवर : ९.६ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. गेलं तर आधी बॅटरी तपासून घ्या.

२. बॅटरीच्या प्लस खुंटीपासून सेल्फच्या मोठ्या टर्मिनलपर्यंत : अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर केबल किंवा तिची टोकं खराब.

३. बॅटरीच्या मायनस खुंटीपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत : ०.२ व्होल्टपेक्षा जास्त म्हणजे अर्थिंग खराब. रंगावर बसवलेलं अर्थिंग ही या गाड्यांतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित चूक.

चौथं माप गरम इंजिनावरच घ्यायचं. सोलेनॉइडच्या (सेल्फवरच्या विद्युतचुंबकी स्विचच्या) ‘एस’ टर्मिनलला जांभळी वायर येते. सेल्फ मारताना तिथला व्होल्टेज बॅटरीच्या खुंटीपेक्षा दीड व्होल्टनं किंवा त्याहून कमी असेल, तर खोट वायरच्या वाटेत आहे. ही वायर चावीच्या स्विचमधून, ऑटोमॅटिक गाडीत न्यूट्रल सेफ्टी स्विचमधून आणि पुढे फायरवॉलवरच्या जोडणीतून फिरत येते. पन्नास वर्षांनी प्रत्येक सांध्यावर थोडा थोडा व्होल्टेज सांडतो.

उष्णतेचा संबंध इथेच येतो. तांब्याचा विद्युतरोध दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो. हेडरच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या तापलेल्या नळ्यांच्या, शेजारी बसलेला सोलेनॉइड शंभर अंशांनी तापला, की त्याच्या वेटोळ्याचा रोध जवळपास ४० टक्क्यांनी चढतो आणि प्रवाह सुमारे २८ टक्क्यांनी घटतो. थंड असताना दहा व्होल्टवर ओढणारा सोलेनॉइड तापल्यावर त्याच दहा व्होल्टवर ओढत नाही. म्हणून वायरिंग तसंच ठेवून महागडा सेल्फ लावला, तरी पुढच्या उन्हाळ्यात ‘टक्’ परत ऐकू येऊ शकतो.

आणखी एक शक्यता : गरम इंजिन सेल्फ मारताना एकदम अडखळत असेल, कुणीतरी मागे ओढतंय असं वाटत असेल, तर इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) फार पुढे आहे का ते बघा. तो दोष सेल्फचा नाही.

दात मोजणं

शेव्हरोलेची फ्लायव्हील (ऑटोमॅटिकला फ्लेक्सप्लेट), म्हणजे सेल्फ जिला फिरवतो ती इंजिनमागची दातेरी चकती, दोन मापांत येते. लहान म्हणजे १५३ दाती, व्यास सुमारे १२ ३/४ इंच. मोठी १६८ दाती, व्यास सुमारे १४ इंच. सेल्फचं नाक, म्हणजे ब्लॉकला बोल्टनं बसणारा त्याचा पुढचा भाग, या मापाप्रमाणे वेगळं असतं. १५३ दातांच्या सेल्फचे दोन्ही बोल्ट सरळ एका रेषेत असतात, १६८ च्या सेल्फचे तिरपे, एक पुढे आणि एक मागे. बऱ्याच ब्लॉकमध्ये तीन भोकं पाडलेली असतात आणि दोन्ही प्रकार बसतात. काही ब्लॉकमध्ये दोनच भोकं असतात, तेव्हा निवड आपोआप ठरते.

गाडी कोणत्या सालची आहे यावरून दात ओळखू नका. पन्नास वर्षांत गिअरबॉक्स, इंजिन, फ्लायव्हील काहीही बदललेलं असू शकतं. खालून धूळपत्रा काढा, एका दातावर खडूनं किंवा रंगानं खूण करा, इंजिन हळूहळू फिरवत मोजा. कंटाळा आला तर निदान व्यास तरी मोजा.

फिरवताना दातांची अवस्थाही बघून घ्या. आठ सिलिंडरचं इंजिन बंद पडताना बहुतेक वेळा ठरावीक चार जागांपैकी एकीवर येऊन थांबतं, त्यामुळे पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) कायम तिथेच आदळतं. म्हणून झीज सगळीकडे सारखी नसते, ९० अंशांच्या अंतरावर चार ठिकाणी जास्त असते. तिथले दात कडेला चावल्यासारखे झाले असतील, तर आधी रिंग गिअर (फ्लायव्हीलच्या कडेचं दातेरी कडं) किंवा फ्लेक्सप्लेट बदला. नवा सेल्फ खराब दातांवर महिनाभरात स्वतःचेही दात घालवून बसतो.

कोणता सेल्फ

मूळचा डेल्को-रेमी सेल्फ थेट फिरणारा आहे. त्याचं आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) आणि पिनियन एकाच वेगानं फिरतात. पिनियनला ९ दात, फ्लायव्हीलला १६८, म्हणजे गुणोत्तर १८.७ ला १. इंजिन मिनिटाला २०० फेरे फिरवायचं तर मोटरला सुमारे ३,७०० फेरे मारावे लागतात. तेवढ्या कमी वेगात जोर आणायचा म्हणून मोटर मोठी, जड, आठ-नऊ किलोची. गिअर रिडक्शनच्या सेल्फमध्ये मोटर आणि पिनियन यांच्यामध्ये आणखी एक गिअर असतो. लहान मोटर कितीतरी वेगानं फिरते आणि गिअर त्या वेगाचा जोर करून देतो. वजन जवळपास निम्मं होतं आणि हेडरपासून मोकळी जागा मिळते, तोच खरा फायदा.

यात दोन जाती आहेत. एक प्लॅनेटरी गिअरची, आत कायमचुंबक असलेली. ही सरळ, बारीक नळीसारखी दिसते. १९९० च्या दशकातल्या जनरल मोटर्सच्या ५.७ लिटर पिकअपना कंपनीनंच असा सेल्फ दिला होता. दुसरी जपानी धाटणीची : मोटर पिनियनच्या बाजूला सरकलेली आणि चुंबकाऐवजी तांब्याची वेटोळी. साध्या ३५० ला पहिली पुरते. कॉम्प्रेशन अकराच्या पुढे असेल किंवा बिग ब्लॉक असेल, तर दुसरी घ्या. खरेदी करताना उत्पादकानं किती कॉम्प्रेशनपर्यंत हमी दिली आहे ते वाचा. नाक ‘क्लॉक’ करता येतं का, म्हणजे सोलेनॉइड हेडरपासून दूर वळवता येतो का, तेही विचारा. हेडर लावलेल्या गाडीला ही सोय नसलेला सेल्फ घेऊच नये.

चुंबकाच्या सेल्फबद्दल एक ताकीद. अडकलेल्या सेल्फला हातोडीनं ठोकायची गॅरेजची जुनी सवय इथे चालत नाही. आतले चुंबक ठिसूळ असतात, एका फटक्यात तडकतात आणि तुकडे आर्मेचरमध्ये अडकतात.

जुना काढणं

लागणारं सामान : ९/१६ इंचाची गोटी, लांब एक्स्टेंशन, रॅचेट, टॉर्क पाना, ३/८-१६ चा टॅप, वायर गेज, दोन मजबूत घोड्या, चाकांना लावायला ओट, गॉगल.

बॅटरीचं मायनस टोक सर्वांत आधी काढा. मोठ्या केबलमध्ये फ्यूज नसतो. पाना एकीकडे टर्मिनलला आणि दुसरीकडे ब्लॉकला टेकला तर तो तिथेच चिकटून लाल होतो. गाडी घोड्यांवर ठेवा; नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या.

सोलेनॉइडवरच्या वायरींना खुणा करा आणि फोटो काढा. मोठ्या ‘बी’ टर्मिनलवर बॅटरीची केबल असते. काही मॉडेलांत तिथूनच फ्यूजिबल लिंकसह गाडीची मुख्य वायर निघते. ती लिंक कापू नका, परत तिथेच लावायची आहे. ‘एस’ वर जांभळी. ‘आर’ वर पिवळी असेल तर तिच्याकडे विशेष लक्ष द्या, पुढे तिच्यावर एक पूर्ण परिच्छेद आहे.

सेल्फच्या मागच्या टोकाला ब्लॉकशी जोडणारी एक पत्र्याची पट्टी असायला हवी. बहुतेक गाड्यांत ती कुणीतरी केव्हातरी फेकून दिलेली असते. तिच्याविना जड सेल्फ दोन बोल्टांवर लोंबकळतो, आणि ब्लॉकचे कान (बोल्ट बसतात ते भाग) तुटण्याचं ते एक मोठं कारण आहे. नव्या सेल्फसोबत अशी पट्टी आली असेल तर ती लावायची, ‘हलकाच तर आहे’ म्हणून सोडायची नाही.

शेवटचा बोल्ट सोडवण्याआधी एक हात सेल्फखाली ठेवा. नऊ किलोचं लोखंड तोंडावर पडायला पाव सेकंद लागतो. खाली येताना मध्ये पातळ पत्रे मिळाले तर ते शिम आहेत. किती होते ते लिहून ठेवा, पण नव्या सेल्फला तेच बसतील असं धरू नका.

बोल्ट

सेल्फचे बोल्ट म्हणजे साधे ३/८-१६ चे बोल्ट नव्हेत. त्यांच्या दांड्यावर खरखरीत कातरलेला भाग असतो आणि तोच सेल्फला भोकात नेमक्या जागी धरून ठेवतो. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट भोकात थोडा सैल बसतो, सेल्फ केसभर सरकतो, आणि त्या केसभरानं फट बिघडते. जुन्या सेल्फला लांब बोल्ट लागतात (तिरप्या प्रकारात एक ४ ११/१६ इंच, एक ३ ११/१६ इंच). नव्या सेल्फच्या नाकाची जाडी वेगळी असल्यानं सोबत आलेलेच बोल्ट वापरा. जुने वापरले तर ते भोकाच्या तळाशी टेकतात. पाना घट्ट लागतो, सेल्फ मात्र सैलच राहतो.

भोकांतून टॅप फिरवून तेल आणि कचरा काढा. बोल्ट हातानं किमान नऊ-दहा आटे गेला पाहिजे. ब्लॉकचा जिथे सेल्फ टेकतो तो भाग तारेच्या ब्रशनं धातू दिसेपर्यंत घासा. सेल्फचं अर्थिंग इथूनच होतं, तिथे रंग नको.

फट : या कामाचा जीव

वायर न जोडता सेल्फ वर चढवा आणि दोन्ही बोल्ट ३० ते ३५ फूट-पाउंडला आवळा. आता दोन अंतरं मोजायची.

पहिलं, सेल्फ स्वस्थ असताना पिनियनचं तोंड आणि रिंग गिअर यांच्यातलं : १/१६ ते १/८ इंच. कमी असेल तर चालत्या इंजिनावर दात घासतील, जास्त असेल तर पिनियन पूर्ण आत शिरणार नाही आणि दातांच्या टोकावरच सगळा भार येईल.

दुसरं अधिक महत्त्वाचं. स्क्रू ड्रायव्हरनं पिनियन हळूच पुढे ओढून रिंग गिअरमध्ये बसवा. पिनियनच्या दाताचं टोक आणि रिंग गिअरच्या दोन दातांमधला खळगा यांच्यात वायर गेज घाला. ०.०२० ते ०.०३५ इंच हवं. गेज नसेल तर कागदाची छोटी क्लिप सरळ करून घालतात. तिची तार कॅलिपरनं मोजून घ्या, कारण क्लिपा सारख्या नसतात. इंजिन फिरवून चार जागी मोजा. फ्लेक्सप्लेट किंचित लंबगोल असते, आणि सगळ्यात कमी फटीच्या जागेवरून निर्णय घ्यायचा.

फट कमी असेल तर दोन्ही बोल्टांखाली ०.०१५ इंचाचा शिम घाला. फट ०.०१५ नं नाही, साधारण ०.००५ नं वाढते. कारण सेल्फ फ्लायव्हीलच्या अगदी खाली नसून बाजूला असतो. शिमनं तो सरळ खाली सरकतो, आणि त्यातला थोडाच भाग दातांपासून दूर जाण्यात मोजला जातो. फट जास्त असेल तर शिम फक्त बाहेरच्या बोल्टाखाली, म्हणजे इंजिनपासून लांब असलेल्या. सेल्फ आतल्या अंगाला झुकतो आणि फट सुमारे ०.०१० नं घटते. दोन-तीन शिमनंतरही माप जुळत नसेल तर आणखी पत्रे रचू नका. चुकीचं नाक, वाकडी फ्लेक्सप्लेट किंवा नीट न बसलेला सेल्फ यांपैकी काहीतरी आहे.

मोजायला कंटाळलेल्यांना आवाज सगळं सांगतो. सेल्फ मारत असताना, इंजिन लागण्याआधीच तीक्ष्ण किंकाळी ऐकू आली तर फट जास्त आहे. इंजिन लागल्यावर चावी सोडताना किंकाळी आली तर फट कमी. इंजिन लागल्यावर चावी धरून ठेवली असताना ‘हूऽप’ असा मोठा आवाज म्हणजे बेंडिक्सचा, म्हणजे पिनियनचा एकाच दिशेनं जोर देणारा, क्लच गेला. फट कमी ठेवून गाडी वापरली तर फार दिवस जात नाहीत. एखाद्या उलट्या फटक्यात पिनियन अडकतं आणि सेल्फचं नाक फुटतं किंवा ब्लॉकचा कान तुटतो. सेल्फ परत विकत मिळतो, मूळ क्रमांकाचा ब्लॉक मिळत नाही.

वायरिंग

मूळ पॉइंट इग्निशन असलेल्या गाडीत कॉइलला नेहमी रोध असलेल्या वायरमधून कमी व्होल्टेज मिळतो. सेल्फ मारताना मात्र सोलेनॉइडच्या ‘आर’ टर्मिनलवरून पिवळ्या वायरीनं पूर्ण बॅटरी व्होल्टेज कॉइलला जातो, म्हणजे ठिणगी जोरात पडते. बऱ्याच छोट्या सेल्फना हे ‘आर’ टर्मिनलच नसतं. पिवळी वायर टेपनं गुंडाळून बाजूला ठेवली, की सेल्फ फिरतो झकास पण इंजिन लागायला कुरकुरतं, आणि चावी सोडताक्षणी लागतं. नवा सेल्फ खराब निघाला असं समजून अनेकजण तो परत पाठवतात.

तीन उपाय आहेत. ‘आर’ टर्मिनल असलेलाच सेल्फ घेणं. किंवा ‘एस’ टर्मिनलपासून पिवळ्या वायरीपर्यंत किमान १० अँपिअरचा डायोड लावणं, पट्टा असलेलं टोक कॉइलच्या बाजूला. डायोडशिवाय सरळ वायर जोडू नका. चावी ‘ऑन’वर आली की प्रवाह कॉइलकडून उलटा ‘एस’ मध्ये शिरेल आणि सेल्फ सुटणार नाही. तिसरा उपाय, गाडीत एचईआय (जनरल मोटर्सचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन) किंवा पूर्ण १२ व्होल्टवर चालणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल, तर पिवळ्या वायरीची गरजच नाही. तिचं टोक नीट बंद करून बांधून टाका. ते इग्निशन मात्र रोधाच्या वायरीवर जोडलेलं नसावं.

आता जांभळी वायर. चौथ्या मापात व्होल्टेज कमी आला असेल तर ७० अँपिअरचा रिले आतल्या फेंडरवर, हेडरपासून दूर बसवा. ८६ वर जांभळी, ८५ ला अर्थिंग, ३० वर बॅटरीपासून फ्यूजसह १० गेज वायर, ८७ पासून तशीच वायर सेल्फच्या ‘एस’ ला. हेडलाइटसाठीचा स्वस्त रिले इथे वापरू नका. सोलेनॉइड ओढताना क्षणभर बराच प्रवाह घेतो. संपर्क चिकटले तर चावी काढल्यावरही सेल्फ फिरत राहतो.

जुन्या मंडळींचा आवडता जुगाड म्हणजे फेंडरवर फोर्डचा सोलेनॉइड लावून सेल्फवर ‘बी’ आणि ‘एस’ एकत्र जोडणं. जुन्या वेटोळ्यांच्या सेल्फवर तो चालायचा. चुंबकाच्या सेल्फवर करू नका. चावी सोडली तरी फिरणारी मोटर चुंबकांमुळे काही क्षण जनरेटर होते, तीच वीज ‘एस’ ला मिळते आणि पिनियन चालत्या इंजिनात अडकून राहतं.

मोठी केबल २ गेजची, बॅटरी डिकीत असेल तर १/० ची. हेडरपासून किमान एक इंच दूर ठेवा, उष्णतारोधक आवरण घाला आणि रबरी क्लिपांनी ब्लॉकला बांधा. इन्शुलेशन वितळून केबल हेडरला टेकली तर मध्ये अडवायला काहीच नाही, सरळ आग. इंजिनपासून बॉडीपर्यंतची अर्थ पट्टीही बघा.

पहिली चावी

कॉइलची वायर काढलेलीच ठेवून दोन-तीन सेकंदांचे चार-पाच झटके मारा आणि आवाज ऐका. मग कॉइल जोडून इंजिन लावा. दहा सेकंदांत लागलं नाही तर एक-दोन मिनिटं थांबा. छोटी मोटर जोरकस असते, पण तिच्यात उष्णता साठवायला धातू कमी असतो. गाडी चांगली तापवून आणा, पंधरा मिनिटं बंद ठेवा आणि पुन्हा मारा. थंड इंजिन लागलं म्हणजे काम झालं असं समजू नका, तक्रार गरम इंजिनाचीच होती. शंभरेक किलोमीटरनंतर बोल्टांचा टॉर्क परत तपासा.

क्रायस्लर आणि फोर्ड

क्रायस्लरनं १९६२ पासूनच ३.५ ला १ गुणोत्तराचा गिअर रिडक्शन सेल्फ दिला. त्या काळच्या डॉज-प्लायमथचा खिंकाळणारा आवाज तोच. तिथे बदल मुख्यतः वजन आणि जागेसाठी. १९९० च्या दशकातल्या ५.२ आणि ५.९ लिटर डॉजचा सेल्फ जुन्या ३१८, ३४० आणि ३६० ला सरळ बसतो. फोर्डमध्ये शिमची कटकट नाही, कारण सेल्फ बेलहाउसिंगच्या गोल भोकात बसतो. पण मूळ सोलेनॉइड फेंडरवर असतो आणि नवा सेल्फ स्वतःचा सोलेनॉइड घेऊन येतो. मोठी केबल थेट बॅटरीच्या बाजूच्या खुंटीवर आणा आणि फेंडरच्या सोलेनॉइडची दुसरी खुंटी फक्त नव्या ‘एस’ ला वायर द्यायला वापरा. वर सांगितलेला ‘बी’–‘एस’ जोड इथे अनेकांच्या हातून सहज होतो.